जुळाऱ्याचे नाव
(मुद्रक परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

वॉर्सा शहराने २८ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन सैन्यापुढे शरणागती पत्करली आणि काही आठवड्यांतच पोलंडमधली स्वतंत्र वृत्तपत्रे बंद पडली. छापखान्यांवर ताबा आला, रेडिओ जमा करण्याचे हुकूम निघाले, परदेशी केंद्र ऐकणाऱ्याला देहान्तापर्यंतची शिक्षा ठरली. वाचायला उरली ती पोलिश भाषेतली, पण जर्मनांनी चालवलेली ‘नोवी कुरियर वार्षाव्स्की’सारखी पत्रे. लोकांनी सरपटणाऱ्या प्राण्यावरून त्यांना ‘गाद्झिनुव्का’ असे नाव ठेवले. त्याच हंगामात पहिले गुप्त अंक निघू लागले. युद्ध संपेपर्यंत अशा नियतकालिकांची संख्या हजारावर गेली होती.

मुद्रणव्यवसायाच्या वर्षभराच्या आढाव्याऐवजी हा परदेशी विषय निवडण्याचे कारण पुढे येईलच.

या गुप्त पत्रांमध्ये अग्रमान ‘ब्युलेतिन इन्फॉर्मात्सिय्नी’ या साप्ताहिकाचा. त्याचा पहिला अंक नोव्हेंबर १९३९ मध्ये निघाला आणि ते जानेवारी १९४५ पर्यंत चालले. संपादक अलेक्सांदर कामिन्स्की हे बालवीर चळवळीतले शिक्षक. भरात असताना त्याच्या ४०,००० वर प्रती निघत आणि प्रत्येक प्रत अनेक हातांतून फिरे. त्याचा स्वर संयमी होता. पराभवाची बातमी पराभव म्हणूनच छापली जाई. चोरून ऐकलेल्या लंडनच्या बातम्या, अटका, गोळीबारात मारलेल्यांची माहिती आणि कब्जेदारांशी कसे वागावे याचे मार्गदर्शन, हा त्याचा मजकूर. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तो अचूकपणामुळे आणि नियमितपणामुळे. जीव मुठीत धरून काढलेला अंकही वेळेवर आणि शुद्ध निघाला पाहिजे, ही त्या माणसांची धारणा होती.

सुरुवातीची बरीचशी पत्रे टंकलिखित स्टेन्सिलवरून, हाताने फिरवायच्या डुप्लिकेटरवर निघत. पुढे छपाई आली. १९४० मध्ये येझी रुत्कोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली गुप्त लष्करी प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि वॉर्सात एकामागून एक छुपे छापखाने निघाले. कागद काळ्या बाजारातून येई. काही कामे जर्मनांच्या देखरेखीखालच्या छापखान्यांतच रात्री उरकली जात. यंत्राचा आवाज दाबायचा, शाईचा वास लपवायचा, कापलेल्या कागदाच्या पट्ट्याही मागे ठेवायच्या नाहीत. मग गठ्ठे बाहेर पडत. ते वाहणाऱ्यांत तरुण मुली आणि बायका पुष्कळ होत्या. बाजाराच्या पिशवीत भाज्यांखाली अंक असत. सापडल्यास पाविआक तुरुंग, छळ, आणि पुढे छळछावणी किंवा गोळी.

इतिहासग्रंथांत मात्र संपादक भेटतात, लेखक भेटतात. ‘श्तुका इ नारूद’ या गुप्त वाङ्मयीन मासिकाचे चारही संपादक युद्धात मारले गेले. ताद्येउश गायत्सी त्यांतला शेवटचा. तो १९४४ च्या ऑगस्टमध्ये गेला. चौघांचीही नावे साहित्याच्या इतिहासात आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण स्टेन्सिल कापणारा, खिळे जुळवणारा, यंत्र ओढणारा, कागद मिळवणारा बहुधा एका ओळीत संपतो, तोही अनेकवचनात. टोपणनाव हा तेव्हा जगण्याचा नियम होता, हे खरे. युद्धानंतर आलेल्या राजवटीने भूमिगत सैन्यातल्या लोकांनाच तुरुंगात टाकले, त्यामुळे पुष्कळांनी तोंड उघडले नाही, हेही खरे. तरी एवढ्याने ही उपेक्षा पुरती उलगडत नाही. छापणारा माणूस म्हणजे नुसता हात, असा समज तिच्या मुळाशी आहे.

मुद्रक हा प्रकाशनाचा भागीदार की केवळ मजुरी घेऊन काम करणारा, हा वाद या परिषदेत वर्षानुवर्षे चालू आहे. प्रस्तुत वक्त्यापुरता तो आणीबाणीत मिटला. एका लहान ट्रेडल छापखान्यात वक्ता तेव्हा शिकाऊ जुळारी होता. एका रात्री एक पत्रक छापले गेले. दुसऱ्या दिवशी थोरल्या जुळाऱ्याने त्याची प्रत आणि त्याच केसमधून जुळलेली एक लग्नपत्रिका शेजारी ठेवली. दोन्हींत ‘ण’चा कान तुटलेला होता. ज्याला खिळे वाचता येतात त्याला त्यावरून छापखाना ओळखता आला असता. म्हाताऱ्याने अवाक्षर न काढता घरातले सगळे ‘ण’ वितळायला टाकले आणि नव्या खिळ्यांचे पैसे स्वतःच्या पगारातून भरले. पत्रक लिहिणाऱ्याला ही गोष्ट कधीच कळली नाही. धोका कुठे आहे हे लेखकाच्या आधी मुद्रकाला दिसते, आणि तो तरीही छापतो. याला मजुरी म्हणत नाहीत.

युद्धकाळातल्या वॉर्साच्या ज्यू वस्तीत हा धोका आणखी भीषण होता. तिथेही यिडिश, पोलिश आणि हिब्रू भाषांत गुप्त पत्रे निघत. १७ एप्रिल १९४२ च्या रात्री जर्मनांनी तिथे पन्नासहून अधिक माणसे घरांतून बाहेर काढून मारली. गुप्त पत्रांशी संबंधित लोक त्यांचे एक लक्ष्य होते. एमानुएल रिंगेलब्लूम यांच्या गटाने अशी पत्रे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवली, आणि त्यांतली काही १९४६ आणि १९५० मध्ये जमिनीतून निघाली. कागद वाचले, ते वाचवणारे बहुतेक वाचले नाहीत.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्साचा उठाव सुरू झाला आणि ‘ब्युलेतिन’ उघडपणे, रोज निघू लागले. भोवती शहर जळत असताना यंत्रे चालत होती. ऑक्टोबरमध्ये उठाव मोडला.

त्याच काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत काही हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यामुळे पोलंडची ही कथा महाराष्ट्राला अगदीच दूरची नाही.

तिथल्यासारखी उपेक्षा इथे होऊ नये म्हणून महाराष्ट्रातल्या जुळाऱ्यांची, मशीनमनची आणि बाइंडरची नोंद परिषदेने करावी. तिची पद्धत कार्यकारिणीने ठरवावी. तोवर ज्यांच्याकडे जुन्या छापखान्याचे हजेरीपुस्तक किंवा पगारवही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नये.