जेवणानंतरचा परिसंवाद



साहित्य संमेलनात विज्ञानकथेचा परिसंवाद नेहमी दुपारी असतो, जेवणं आटोपून मंडपात डुलक्या सुरू झाल्यावर. आज अध्यक्षपदच माझ्याकडे आलंय, तेव्हा जरा जागं राहून ऐका.

१९७४ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आद्याक्षरं तीच, क्रम उलटा. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून काढली ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पहिलं बक्षीस मिळालं! तरी 'शास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेतलं' हे वाक्य मी आजही ऐकतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळायला २०२१ साल उजाडलं, संमेलन ९४ वं.

म्हणे, शास्त्रज्ञांना भावना रंगवता येत नाहीत. 'इंटरस्टेलर' आठवा. २०१४ चा सिनेमा. कृष्णविवराजवळच्या ग्रहावर एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. दिग्दर्शक नोलन या आकड्यावर अडून बसले. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आधी म्हणाले, अशक्य. मग त्यांनी गणित मांडलं. कृष्णविवर कमाल वेगाच्या अगदी जवळ पोचेल इतकं गरगर फिरत असेल, तर जमतं. सिनेमातला बाप त्या ग्रहावरून यानात परततो तेव्हा तेवीस वर्षांचे निरोप साठलेले असतात. पोरं डोळ्यांदेखत मोठी होतात आणि तो ढसाढसा रडतो. हे रडू कुठून आलं? आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून. समीकरण काढून घ्या, प्रसंगच उरत नाही. विज्ञान इथे नेपथ्य नाही, नियती आहे.

आता आपल्याच मंडळींचे कान उपटतो. कथेतला प्राध्यापक भाचीला तीन पानं गुरुत्वाकर्षण शिकवतो, ती कथा नव्हे, शिकवणी. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिली. तिच्यात सूर्य झाकोळणाऱ्या ढगाइतकीच शास्त्रज्ञ आणि राजकारणी यांची जुंपलेली भांडणं रंगतात. आणि काटेकोरपणाचं सोवळंही नको. मंगळाची हवा पृथ्वीच्या जेमतेम एक टक्का दाट. तिथलं वादळ माणसाला उडवून देऊ शकत नाही. अशाच वादळानं सुरू होणाऱ्या 'द मार्शियन' कादंबरीचा लेखक अँडी वीअर हे जाणून होता. नाट्यासाठी घेतलेली सूट त्यानं उघडपणे कबूलही केली. माहीत असून घेतलेली सूट आणि अडाणीपणा यांत फरक असतो.

राहिले आमचे निर्माते. 'बजेट नाही हो!' २००४ मध्ये सनडान्स महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक पटकावणारा कालप्रवासाचा 'प्रायमर' हा सिनेमा शेन कारुथ या माजी सॉफ्टवेअर अभियंत्यानं सुमारे सात हजार डॉलरमध्ये काढला. तेव्हाचे तीन-सव्वातीन लाख रुपये. एवढ्यात आपल्याकडे लग्नाचा मंडपही धड सजत नाही. तेव्हा निर्मात्यांनो, आधी नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह वाचून या. बजेटचं रडगाणं मग ऐकू.