झोळीला लागलेले खांदे

(कापणीच्या सणानिमित्त अमरावती येथे मंडळीच्या आभारप्रदर्शनाच्या सभेत, मेळघाटात अनेक वर्षे परिचारिका म्हणून सेवा केलेल्या एका भगिनीने केलेले भाषण. त्यांच्या विनंतीवरून त्यांचे, गावाचे व रुग्णांचे नाव छापलेले नाही. – संपादक)



मला वीस मिनिटं दिली आहेत. मी भाषण करणारी बाई नाही. इंजेक्शन द्यायला सांगा, बाळंतपण करायला सांगा, ते जमेल. त्यामुळे उपदेश काही करत नाही. जे पाहिलं तेवढं सांगते, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागून खाली बसते.

आज इथे वेदीपुढे तुम्ही ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, ऊस असं सगळं आणून ठेवलं आहे. ते पाहून मला वरचं गाव आठवलं. तिथे या दिवसांत कोदो आणि कुटकी खळ्यावर येते. मेळघाट म्हटलं की आपल्याला वाघ आठवतो, नाहीतर चिखलदऱ्याची सहल. पण धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके आपल्याच जिल्ह्यातले आहेत, आणि तिथली कोरकू माणसं आपल्याच जिल्ह्याची माणसं आहेत. 1993 साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत गाजल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मी तिथे गेले. तेव्हा मी तरुण होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

कोरकू गाव कसं असतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मधून एक सरळ रस्ता, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा, एकमेकांकडे तोंड करून. दार उघडलं की समोरच्याचं दार. रात्री कोणी खोकलं तर समोरच्या घरात ऐकू येतं. सकाळी हातपंपावर बायकांची रांग, मग शेत, नाहीतर जंगल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोह वेचायचा. दिवाळी झाली की निम्मं गाव कामाला बाहेर पडतं, वीटभट्टीवर, बांधकामावर, आणि होळीला काहीही करून परत येतं. होळी हा तिथला सगळ्यांत मोठा सण.

आमचा दवाखाना म्हणजे त्या रांगेतल्याच दोन खोल्या. आमच्या समोरच्या घरात एक आजी राहायची. लेक, जावई, नातवंडं असं तिचं घर. आल्यापासून तिने मला पाहुणीसारखं ठेवलं. पहिल्या आठवड्यात न सांगता सरपणाची मोळी दारात आणून टाकली.

पहिल्याच उन्हाळ्यात तिचा थोरला नातू आजारी पडला. पोट फुगलं होतं, रडत होता. तिने त्याला भूमकाकडे नेलं. भूमका म्हणजे गावचा पुजारी आणि वैद्य. त्याने पोराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके दिले. त्याला तिकडे डम्मा म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन माझ्याकडे आली. ते पोट पाहून माझा संताप झाला. रांगेत पंधरावीस बायका बसल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर मी आजीला वाट्टेल ते बोलले. जनावर म्हणाले. जखमांना मलम लावलं, पोर बरं झालं. आजी एक शब्द न बोलता त्याला उचलून निघून गेली.

मला वाटलं, बरं झालं, धडा मिळाला.

त्यानंतर आजी माझ्या दारात आली नाही. पाऊस सुरू झाला. तिच्या लेकीचं दुसरं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं. त्याला खोकला झाला, छाती उडू लागली. तो न्यूमोनिया होता. माझ्या कपाटात औषध होतं. त्यांच्या दारापासून माझं दार वीस पावलांवर होतं. ते बाळ त्यांनी माझ्याकडे आणलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या घरातून रडणं ऐकू आलं, तेव्हा मला कळलं.

बंधू-भगिनींनो, रस्ता नव्हता म्हणून, औषध नव्हतं म्हणून मुलं दगावली हे आपण ऐकतो, आणि ते खरंही आहे. पण हे बाळ माझ्या जिभेमुळे गेलं. हे मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे, कारण अहवालात हे लिहायला रकाना नसतो.

त्याच पावसाळ्यात, महिनाभराने, मला मलेरिया झाला. माझी सोबतीण रजेवर गेली होती. नाल्याला पूर, एसटी बंद. स्वतःच गोळ्या घेतल्या, पण हुडहुडी भरली की उठून पाण्याचा तांब्यासुद्धा घेता येईना. त्या रात्री कोणीतरी दार ढकललं. आजी होती. तिने चूल पेटवली, कुटकीची पेज केली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन भरवली. तीन रात्री ती माझ्याजवळ बसली. दिवसा शेजारणी आळीपाळीने पाणी भरून ठेवायच्या. ज्या बायकांसमोर मी तिला बोलले होते, त्याच बायका.

ताप उतरल्यावर मी तिला विचारलं, "आजी, तू का आलीस?" ती अर्धं कोरकूत, अर्धं हिंदीत बोलायची. ती म्हणाली, "तुझं कण्हणं समोर ऐकू येत होतं. मग मला झोप कशी लागणार?"

एवढंच. क्षमा केली वगैरे काही नाही. मी मात्र तिच्या पाया पडून रडले.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आले होते. आणि प्रत्येक वेळी, मनातल्या मनात, तो शोमरोनी मीच असायची. रस्त्यात पडलेला माणूस मी असेन, आणि मला उचलणारी ती असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. भूमकाच्या घरी गेले, त्याच्या ओट्यावर बसले, चहा प्याले. त्याला म्हटलं, "दादा, तुम्ही तुमची पूजा करा, मी काही म्हणणार नाही. पण चटके देऊ नका, आणि पोर माझ्याकडे पाठवा." एका दिवसात काही झालं नाही. दोन वर्षं लागली. पुढे तोच माणूस स्वतः पोरं घेऊन यायचा.

आणि आजीला मी श्वास मोजायला शिकवलं. न्यूमोनिया ओळखायला यंत्र लागत नाही. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याचं पोट पूर्ण एक मिनिट पाहायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास घेत असेल, दोन महिने ते एक वर्षापर्यंतचं 50 किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांचं मूल 40 किंवा जास्त, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर मोजतही बसायचं नाही. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने न शिकलेल्या दाईंसाठी मण्यांचं साधन केलं होतं. आम्ही तोच धडा चिंचोक्यांवर घेतला. दहा श्वास झाले की एक चिंचोका बाजूला. माझं जुनं मनगटी घड्याळ मी तिला दिलं. सेकंदकाटा एक फेरी मारून आला की थांबायचं. आजीला अक्षर येत नव्हतं, पण तिचे चिंचोके कधी चुकले नाहीत. त्या रांगेतली किती बाळं तिने वेळेवर माझ्याकडे आणली, याची मी नोंद ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

आता झोळीची गोष्ट.

भाद्रपदात एका बाईला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण. रात्र गेली, दिवस गेला, सुटका होईना. बाळ अडलं होतं, माझ्या हातचं काम राहिलं नव्हतं. जीप यायची ती नाल्याच्या पलीकडे, आठ किलोमीटरवर. गावाने काय केलं? जाड गोधडी बांबूला बांधून झोळी केली. दोघांनी खांदा द्यायचा, बाकीच्यांनी मागून चालायचं, दमले की बदलायचे. बारा माणसं निघाली. मी कंदील घेऊन बरोबर. नाल्याला छातीइतकं पाणी. तिथे चौघांनी बांबू डोक्याच्या वर धरला.

त्या बारांमध्ये एक माणूस असा होता, की ज्याचं त्या बाईच्या नवऱ्याशी बांधावरून तीन वर्षं भांडण होतं. बोलणं बंद, लग्नकार्यात जाणं बंद. नाल्यात पुढचा खांदा त्याचा होता. मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "बांधाचं भांडण बांधावर." आणि खरंच, पावसाळा संपल्यावर ते दोघं परत बांधावर भांडत होते!

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघं जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उघडतात. त्या चौघांची नावं शास्त्रात नाहीत. प्रभूने मात्र त्यांचा विश्वास पाहिला. मी तो भाग वाचते तेव्हा मला तो नाला दिसतो.

ती बाई वाचली. शस्त्रक्रिया झाली, मुलगीही वाचली. पण माझं मागणं इथूनच सुरू होतं.

आधी धारणी, आणि तिथून पुढे एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तिला आणलं. बारा माणसं नाल्यावरून परत गेली, कारण शेतं होती. बरोबर आली फक्त तिची सासू. त्या म्हातारीला कोरकूशिवाय काही येत नव्हतं. मी दोन दिवसांनी पोहोचले, तर म्हातारी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेली. दोन दिवस तिच्या पोटात जवळजवळ काही नव्हतं. सून शुद्धीवर आल्यापासून "डा, डा" म्हणत होती, आणि कोणाला कळत नव्हतं. कोरकूत डा म्हणजे पाणी. मी दवाखान्याला दोष देत नाही. एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते मला माहीत आहे. पण शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आई, अचलपूरकडची एक मुसलमान बाई, तिने म्हातारीला आपल्या डब्यातली भाकरी अर्धी दिली होती. भाषा तिलाही येत नव्हती. भूक कळली.

मित्रहो, गावात समोरासमोर दारं असतात. शहरात आणलं की त्या माणसाचं समोरचं दार नाहीसं होतं. आजारापेक्षा त्याची भीती जास्त वाटते, आणि म्हणून "मरायचं तर घरीच मरू" असं म्हणून लोक दवाखान्यातून पळून जातात. आपण त्यांना अडाणी म्हणतो.

आता रस्ते झाले, 108 ची गाडी येते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातलं, 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण शहरातल्या वॉर्डात पेशंटजवळ बसायला डॉक्टर लागत नाही. तुम्ही लागता.

म्हणून माझं मागणं असं आहे. एक, दर आठवड्याला तुमच्यापैकी दोघांनी दवाखान्यात जावं, सिस्टरची परवानगी घेऊन वरच्या गावांतून आलेलं कोणी आहे का ते विचारावं. जाताना पोळी-भाजीचा डबा न्यावा, सोबतच्या माणसाला संडास कुठे, पाणी कुठे, औषध कुठे मिळतं ते दाखवावं. धर्म सांगायला जाऊ नका, शेजारी म्हणून जा. दोन, पेशंटला आणायची सोय होते, पण सोबत्याचं जेवण आणि परतीचं भाडं राहून जातं. आजच्या दानातला काही भाग त्यासाठी ठेवावा, ही पाळकसाहेबांना विनंती. तीन, महिला मंडळाने नवजात बाळांसाठी लोकरीच्या टोप्या आणि मोजे विणावेत. कमी वजनाचं बाळ थंडीनेच जातं. मात्र दुधाची पावडर आणि बाटल्या पाठवू नका. तुम्ही प्रेमाने पाठवता, पण तिथे बाटली उकळून घेणं होत नाही, बाळाला जुलाब लागतात. आईचं दूधच त्याला वाचवतं.

आजी आता नाही. ती गेली तेव्हा मी गावातच होते. तिच्या लेकीने, जिचं बाळ माझ्यामुळे गेलं त्याच लेकीने, ते जुनं घड्याळ मला परत आणून दिलं. म्हणाली, "आईने सांगितलं होतं, बाईचं आहे, बाईला दे." ते आज माझ्या हातात आहे. अजून चालतं.

कापणीच्या सणाला आपण देवाला आपलं पीक देतो. यंदा त्याबरोबर आठवड्याचा एक तासही द्या. झोळी नाला ओलांडून शहरापर्यंत आली आहे. पुढचा खांदा तुमचा आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.