मोबाईलवरील नेमबाजी आणि सरावाची शिस्त

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदा आम्हांस दिलेला विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, भोवतालचे वर्तुळ लहान होत जाते आणि शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो, असा हा मोबाईलवरील खेळ आहे. 'पब्जी' या नावाने तो घरोघर ठाऊक झाला. २०२० साली सरकारने तो बंद केला. २०२१ साली 'बीजीएमआय' या नावाने तो पुन्हा आला. २०२२ साली थांबला आणि २०२३ साली परत सुरू झाला. एवढ्या उलाढालीतही मुलांचे चित्त त्यावरून हटले नाही. तेव्हा खेळूच नका असा कोरडा उपदेश करण्याऐवजी, खेळावयाचेच तर ते नीट कसे शिकावे, हे सांगणे आम्हांस अधिक हिताचे वाटते.

आपल्या बीड जिल्ह्यात या प्रश्नास एक निराळी बाजू आहे. दसरा-दिवाळी उलटली की हजारो कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेस लागतात. मुले आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. फडावरून आईवडिलांना बोलता यावे म्हणून घरात ठेवलेला मोबाईलच मग रात्री मुलाचा सोबती होतो. पाच-पाच तास खेळूनही खेळ सुधारत नाही, म्हणून मूल चिडते, आणि चिडून अधिकच खेळते. आमचे सांगणे एवढेच, की कौशल्य तासांनी वाढत नाही. आपली एकेक चूक ओळखून ती दुरुस्त केल्याने वाढते.

याचे उदाहरण आपल्याच मातीत आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे श्री. अविनाश साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली पॅरिस येथे त्यांनी तीच शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पुरी केली. सहा वर्षांचे कष्ट, आणि कमाई पुरत्या वीस सेकंदांचीही नाही! परंतु याच सेकंदांनी त्यांस जगातील अग्रगण्य धावपटूंच्या रांगेत नेऊन बसविले. सुधारणा ही अशी कणाकणाने होत असते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. पहिली गोष्ट हाताची. बोट किती फिरविले असता नेम किती सरकावा, याचे माप खेळात ठरविता येते. त्यास मुले 'सेन्सिटिव्हिटी' म्हणतात. पुष्कळ मुले हरली की हे माप बदलतात. रोज निराळ्या बोरूने कित्ता गिरविला तर अक्षर कसे वळणदार होईल? माप एकदा ठरवावे आणि काही आठवडे त्यास हात लावू नये.

दुसरी गोष्ट नेमाची. शत्रू दिसल्यावर नेम शोधणारा उशिरा पोहोचतो. दाराच्या किंवा भिंतीच्या कडेशी माणसाचे डोके जेथे दिसेल त्या उंचीवर नेमाची खूण आधीच धरून चालावे. गोळ्या सुटू लागल्या की बंदुकीचे तोंड वर उचलले जाते; तेवढेच बोट खाली ओढावे लागते. लांबच्या शत्रूवर एका दमात सर्व गोळ्या न उधळता थोड्या थोड्या झाडाव्यात. खेळातच 'ट्रेनिंग ग्राउंड' नावाचे सरावाचे मैदान आहे. सामन्यापूर्वी तेथे वीस मिनिटे एकच बंदूक घेऊन हा हात बसवावा.

तिसरी गोष्ट कानांची व जिभेची. हेडफोन लावल्यास पावलांच्या आवाजावरून शत्रूची दिशा समजते. पडद्याच्या वरच्या बाजूस होकायंत्राप्रमाणे अंशांची पट्टी असते. "तिकडे आहे, तिकडे आहे" असा गिल्ला करण्यापेक्षा "१६० अंश, झाडामागे, दोघे" एवढे म्हटले की चौघांच्या संघास पुरते. भूगोलाच्या तासास कंटाळणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सामना संपताच लगेच दुसरा सुरू करू नये. आपण का मेलो, हे वहीत एका ओळीत लिहावे : आडोसा सोडला, एकाच जागी थांबलो, की मित्राची वाट पाहिली नाही? सामना मोबाईलवर चित्रित करून पुन्हा पाहावा. आठवड्यात जी चूक वारंवार आढळेल, तीवरच पुढील आठवडा खर्च करावा. लागोपाठ दोन सामने रागाच्या भरात हरले, तर मोबाईल ठेवून द्यावा. चिडलेला हात नेम धरीत नाही.

मनाच्या स्थैर्याचे मोल खऱ्या नेमबाजीत दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून व पालथे पडून नेम धरण्याच्या टप्प्यांनंतर पहिल्या तिघांत नव्हते. ते डगमगले नाहीत. उभे राहून नेम धरण्याच्या टप्प्यात ते वर चढले आणि ४५१.४ गुणांनी कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

आता पालकांसाठी दोन शब्द. हा खेळ सर्वथा टाकाऊ नाही. २०२३ साली हांगझोऊ येथील ज्या आशियाई क्रीडा स्पर्धेत साबळे यांनी सुवर्णपदक मिळविले, त्याच स्पर्धेत असे खेळ प्रथमच पदकांसाठी खेळविले गेले. तेथे पब्जीचा जो प्रकार होता, त्यात माणसांवर नव्हे, तर निशाणांवर गोळ्या झाडावयाच्या होत्या. मात्र मुलांनी यास पोटापाण्याचा धंदा समजू नये. देशातील मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत सोळा संघ असतात. म्हणजे सगळ्या देशातून चौसष्ट जागा! पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस तर २०२५ च्या कायद्याने बंदीच केली आहे. त्या वाटेस कोणी जाऊ नये. हा खेळ २०२३ साली पुन्हा सुरू झाला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांस दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली होती. शाळकरी मुलास आमच्या मते एक तास पुष्कळ आहे. तो तास अभ्यासानंतरचा आणि झोपेच्या आधी पुरेसा वेळ राखून असावा.

ज्या आईवडिलांस फडावर जावे लागते त्यांनी, आणि घरी राहणाऱ्या आजी-आजोबांनी, "किती वेळ खेळलास?" एवढेच विचारून थांबू नये. "आज कोणती चूक सापडली?" असेही विचारावे. खेळातले काही कळत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. उत्तर देण्यासाठी मुलाला वही उघडावी लागेल. जो मुलगा आपली चूक आपण शोधून लिहू लागला, तो गणिताच्या वहीतही ती शोधील. आईबाप दूर असताना त्यास स्वतःचा गुरू होता आले, तर हा खेळ त्याच्या कामी आला असे आम्ही म्हणू.