आम्ही ब्राउझर बदलून पाहिला

मुरूड तालुक्यातल्या काशीदहून आम्ही बोलतोय. आमच्या बचत गटात अकराजणी आहेत. माईकसमोर एकच बसली आहे, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलंय. म्हणून सगळीकडे 'आम्ही' म्हणणार आहोत.

काशीद म्हटलं की येणाऱ्यांना पांढरी वाळू आणि सुरूची झाडं आठवतात. आम्हाला आठवतात त्या धुवायच्या चादरी आणि सकाळी आठाच्या आत द्यायचे पोहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आगरातल्या सुपाऱ्या आणि नारळ आडवे झाले. सुपारी पुन्हा लावली तरी उत्पन्नाला यायला वर्षं जातात. त्यामुळे आता आमच्यातल्या बऱ्याच घरांचा खर्च पाहुण्यांच्या दोन खोल्या, कोकमाचं आगळ आणि पापड यांवर चालतो. या सगळ्याचा हिशेब, चौकशा, पैसे, सगळं फोनवर. म्हणून आजचा विषय फोनचाच आहे. आम्ही पाच आठवडे फोनमधला ब्राउझर बदलून पाहिला, त्याची ही हकिगत.

ब्राउझर म्हणजे काय, ते आधी सांगतो. सातबारा पाहायचा, मुलीचा निकाल पाहायचा, योजनेचा अर्ज भरायचा, तर ती वेबसाइट ज्या ॲपमध्ये उघडते ते ॲप म्हणजे ब्राउझर. आपल्याकडून मुंबईला जायचं तर मांडव्याहून लाँच आहे आणि पेणवरून एसटीसुद्धा आहे. मुंबई तीच. इंटरनेटचंही तसंच आहे. फोनसोबत एक ब्राउझर आलेला असतो आणि आपण त्यालाच इंटरनेट समजतो. दुसऱ्या गाडीनेही जाता येतं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

मग बदलायचं मनात कुठून आलं? सांगायला जड जातं, पण सांगणारच आहोत.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. सगळीकडे घाई. आमच्यातल्या एकीने रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर योजनेचं नाव शोधलं आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर बोट ठेवलं. पान अगदी सरकारी दिसत होतं, चित्रं तीच, रंग तेच. नाव भरलं, आधार भरला. शेवटी 'शुल्क १० रुपये' असं आलं. तिने यूपीआयचा पिन टाकला. पिनच्या वर रक्कम लिहिलेली असते, ती चष्म्याशिवाय दिसली नाही. खात्यातून ६,५०० रुपये गेले. त्यात गटाचा हप्ता होता.

पैसे गेले ते वाईटच. त्याहून वाईट म्हणजे तिने दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. घरात बोलणी बसतील, गटात तोंड कसं दाखवायचं, या भीतीने गप्प राहिली. आम्हाला कळलं ते हप्ता भरायच्या दिवशी. मग १९३० या नंबरावर फोन केला, तक्रार नोंदवली. पण असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात. लगेच कळवलं तर वाटेत थोपवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी ती फार कमी राहते. तिचे पैसे अजून आलेले नाहीत. हप्ता आम्ही सगळ्यांनी वाटून भरला.

त्या बैठकीत एकीची शिकलेली लेक बसली होती. ती म्हणाली, "यात ब्राउझरचा दोष नाही. पण जाहिराती कमी दिसतील आणि पत्ता नीट दिसेल, असा वापरून तरी बघा." मग ठरवलं, दसऱ्यापासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत बघू. मध्ये दिवाळीचा हंगाम येत होता, म्हणजे परीक्षा खरी होणार होती. अकराजणींत स्वतःचे स्मार्टफोन आठ. सात फोनवर फायरफॉक्स घेतला आणि एकीवर उला.

या दोघांची थोडी माहिती. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेत बनवला. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे वेबचं तंत्र सगळ्या जगाला फुकट खुलं केलं, म्हणून आज कुणालाही नवा ब्राउझर बनवता येतो. फायरफॉक्स ९ नोव्हेंबर २००४ ला आला. त्याच्यामागे मोझिला नावाची ना-नफा संस्था आहे. मात्र तिचंही बरंचसं उत्पन्न शोधयंत्रांबरोबरच्या करारांतूनच येतं, हेही माहीत असलेलं बरं. उला हा चेन्नईच्या झोहो कंपनीचा, २०२३ चा. तमिळमध्ये उला म्हणजे फेरफटका. केंद्र सरकारने भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा ठेवली होती, तिचा पहिला क्रमांक २०२५ मध्ये त्याला मिळाला. दोन्ही फुकट मिळतात. उतरवून घ्यायचे ते फोनमधल्या प्ले स्टोअरवरूनच. कुणी पाठवलेल्या लिंकवरून ॲप घ्यायचं नाही, हा नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला.

पहिल्या आठवड्यात कुरकुरच जास्त. दुसऱ्याच्या चुलीवर स्वयंपाक करायला बसलं की मीठ कुठे, तिखट कुठे, तसं झालं. पत्ता लिहायची पट्टी वर शोधावी, तर ती खाली. व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की जुनाच ब्राउझर उघडे. त्याचा उपाय फोनच्या सेटिंगमध्ये आहे. तिथे ॲप्स, मग डीफॉल्ट ॲप्स, मग ब्राउझर ॲप, आणि तिथे नवा निवडायचा. एवढं केलं नाही तर नवा ब्राउझर नुसताच पडून राहतो आणि आपण म्हणतो, काही फरक नाही.

दुसरी अडचण पासवर्डची. इतकी वर्षं पासवर्ड जुन्या ब्राउझरने लक्षात ठेवले होते, आम्ही नाही. नव्यात ते आपोआप आले नाहीत. एकीला वीजबिलाच्या खात्यात शिरताच येईना. तेव्हा बदलण्याआधी आपले पासवर्ड एका वहीत लिहून घ्या आणि ती वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा, फोनच्या कव्हरात नको. बँकेचा आणि यूपीआयचा पिन मात्र कुठेच लिहू नका.

तिसरी अडचण, एका वेबसाइटवर 'पुढे जा'चं बटणच दाबलं जाईना. तेवढ्यापुरतं जुन्यातून काम केलं. म्हणून जुना काढून टाकू नका. एसटी चुकली तर लाँच असू द्यावी.

आता फायदे. फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन म्हणून जोडकामं बसवता येतात. त्यातलं युब्लॉक ओरिजिन नावाचं आम्ही बसवलं. ते बहुतेक जाहिराती उघडूच देत नाही. पावसात आमच्याकडे रेंज एका काडीवर येते, तेव्हा जाहिरातींचं ओझं नसलं की पान लवकर उघडतं आणि डेटाही कमी जातो. शोधल्यावर वरती येणाऱ्या जाहिरातीही बऱ्याच कमी झाल्या, आमच्या दृष्टीने हेच मोठं काम. आमच्या मावशींना आवडलं ते वेगळंच. सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करता येतात. शिवाय बातम्यांसारख्या पानांवर पट्टीत एक कागदासारखं चिन्ह येतं. ते दाबलं की मधला पसारा जाऊन नुसता मजकूर राहतो. त्या आता रोज बातम्या वाचतात आणि आम्हाला ऐकवतात. भाषांच्या यादीत मराठीही आहे. हे भाषांतर स्वयंसेवक करतात. जिथे झालेलं नाही तिथे ओळ इंग्रजीत दिसते.

पण मैत्रिणींनो, या पाच आठवड्यांत आम्ही सगळ्यात मोठं जे शिकलो ते कोणत्याही ब्राउझरमध्ये चालतं. ते म्हणजे वेबसाइटचा पत्ता वाचणं.

आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? मुक्काम काशीद, तालुका मुरूड, जिल्हा रायगड. मोठं ठिकाण शेवटी. वेबसाइटचा पत्ताही तसाच असतो. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यायचा आणि त्याचा शेवट पाहायचा. सुरुवातीचं https आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा त्यात धरायच्या नाहीत. महाराष्ट्र सरकारच्या बऱ्याच योजनांचा खरा पत्ता 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. फसवणारा हीच अक्षरं पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये घालतो आणि शेवट भलताच ठेवतो. घराला 'रायगड' नाव दिलं म्हणून जिल्हा रायगड होत नाही. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' असा शेवट ठरवून दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. तेव्हा तिथेही शेवटच बघा.

पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह दिसतं, त्याच्यावर भुलू नका. कुलूप म्हणजे वाटेत पाकीट कुणी फोडणार नाही, एवढंच. पाकीट ज्याच्या हातात पडतं तो सज्जन आहे की चोर, ते कुलूप सांगत नाही. आणि ई-केवायसीला आधारचा ओटीपी लागतो, यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की हात मागे घ्या. पिन पैसे देण्यासाठी असतो.

त्रिपुरी पौर्णिमेला हिशेब केला. आठांपैकी पाचजणी फायरफॉक्सवर राहिल्या. दोघी जुन्यावर परत गेल्या, एकीच्या फोनमध्ये जागा नव्हती आणि दुसरीला सवय होईना. आम्ही त्यांना नावं ठेवली नाहीत. उलावाली उलावरच खूश आहे. ज्या तिघींकडे स्वतःचा फोन नाही, त्यांना नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर पत्ता वाचायला शिकवला. त्यातल्या एकीने दिवाळीत स्वतःच्या मुलालाच थांबवलं. तो खोल्यांच्या बुकिंगसाठी आलेल्या लिंकवर पैसे भरायला निघाला होता. ती म्हणाली, "शेवट वाच आधी." त्याने वाचला आणि फोन खाली ठेवला.

जिचे पैसे गेले ती आता दर बैठकीत पहिली पाच मिनिटं घेते. त्या आठवड्यात कुणाला काय लिंक आली, ते सगळ्यांसमोर उघडायचं, दाबायचं नाही, फक्त पत्ता वाचायचा. हे बोलणं रेडिओवर करू या, असंही तिनेच सुचवलं. ती म्हणाली, "माझं नाव नका घेऊ, पण दोन दिवस गप्प बसले ते सांगा."

म्हणून सांगतो. ब्राउझर बदला किंवा बदलू नका, तुमची सोय बघा. पण आपल्या गटात एवढं ठरवून टाका की जिची फसगत होईल तिला कुणी बोलणार नाही. बोलणी बसणार नाहीत हे माहीत असलं, तरच ती त्याच मिनिटाला सांगेल. आणि मग पहिला फोन नवऱ्याला नाही, भावाला नाही, १९३० ला करायचा. नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा, कॅलेंडरच्या बाजूला, गॅसच्या नंबराखाली.

काशीदला आलात तर या, पोहे तयार असतील. नमस्कार.