चंद्रपूरची खाणावळ आणि तिचे जेवणारे

चंद्रपुरात जटपुरा दरवाज्याच्या आसपास, भर दुपारी, एखाद्या सावजी भोजनालयात जाऊन बसणाऱ्यास एक मौज हमखास पाहावयास मिळते. एकाच बाकावर दोन गृहस्थ शेजारी शेजारी बसलेले असतात. एकाच गंजातला रस्सा एकाच पळीने दोघांच्या वाटीत पडलेला असतो. पहिला गृहस्थ कपाळावरचा घाम पुसतो, भाकरीचा तुकडा वाटीत बुडवतो आणि वाढप्याला हाक मारून आणखी तर्री मागतो. दुसऱ्याला पहिल्याच घासाला ठसका लागतो. तो पाण्याचे दोन पेले रिते करतो आणि शेजारी जेवतो आहे की काही कडक व्रत पाळतो आहे, अशा मुद्रेने त्याच्याकडे पाहतो. बाहेर पडल्यावर पहिला सांगतो की असे जेवण पंचक्रोशीत मिळावयाचे नाही. दुसरा सांगतो की तेथे कोणी पाऊल टाकू नये. दोघेही सत्यच सांगत असतात, आणि तिसऱ्या माणसाची खरी अडचण तीच आहे.

ही अडचण चंद्रपूरला विशेष जाणवावी, यास कारण आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या सान्निध्यात गोंड राजांनी वसविलेले हे परकोटाचे गाव. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आजही उभे आहेत. परंतु दरवाज्यांतून येणारा माणूस बदलला. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागदाचा कारखाना, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीजकेंद्र यांनी देशाच्या चारही दिशांची माणसे येथे आणली. बल्लारशाह स्थानकावरून दिल्लीची गाडी मद्रासकडे उतरते, त्यामुळे पोळी खाणारा उत्तरेचा आणि भात खाणारा दक्षिणेचा या भागात गाठ पडल्यावाचून राहत नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेसाठी मराठवाड्यातून व तेलंगणातून भाविक येतात. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले, आणि अलीकडच्या काळात वाघ पाहण्यासाठी पुण्या-मुंबईची कुटुंबे मोहर्लीच्या व कोलाऱ्याच्या वाटेने जाऊ लागली. या साऱ्यांची जीभ घरून निघतानाच तयार होऊन आलेली असते. भोजनालयात मात्र चूल एकच, आणि रस्साही एकच.

हा रस्सा मूळचा चंद्रपूरचाही नव्हे. तो नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा. दिवसभर मागावर राबून आलेल्या माणसासाठी त्यांच्या घरच्या स्त्रियांनी तो सिद्ध केला, आणि पुढे त्याच घरगुती स्वयंपाकातून सावजी भोजनालये निघाली. खोबरे, खसखस, धने, मिरे, लवंग, दगडफूल हे जिन्नस पुरते काळसर होईतो भाजावयाचे, त्यात मिरचीचा सढळ हात, आणि वर तेल तरंगेल असे शिजवावयाचे, ही त्याची ढोबळ रीत. प्रमाण कोणी सांगत नाही, आणि विचारणारा सभ्य असेल तर विचारीतही नाही. जुन्या रीतीत तेल जवसाचे असे. ज्याच्या आईच्या स्वयंपाकघरात जवस होते त्याला त्या वासाने भूक लागते; ज्याच्या नव्हते त्याला तोच वास उग्र वाटतो. आता पुष्कळ ठिकाणी दुसरी तेले वापरतात, आणि जाणते जेवणारे तेवढ्यावरून कुरकुर करतात. मांसाहार न करणाऱ्यांसाठी याच रश्श्यात पाटोडी सोडतात किंवा डाळकांदा करतात. पण तिखटात त्यांना सूट मिळत नाही.

तिखटाविषयी शास्त्र काय सांगते ते येथे पाहणे उपयुक्त ठरेल. तिखटपणा ही वस्तुतः चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य जिभेवरील ज्या ग्राहकावर जाऊन बसते, तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या वरची उष्णता मेंदूला कळविण्याचे काम करतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्यूलियस यांच्या चमूने १९९७ साली तो हुडकून काढला, आणि २०२१ मध्ये त्यांना अर्डेम पटापूटियन यांच्यासमवेत वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे तोंड भाजले असे जो म्हणतो त्याचा मेंदू खरोखरच भाजल्याची वार्ता घेत असतो. मे महिन्यात ज्या गावाचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेथे माणसे बाहेर एक ऊन आणि आत दुसरे ऊन सहन करीत जेवतात, असे म्हटले तरी चालेल! नित्य तिखट खाणाऱ्याच्या जिभेवरील हे ग्राहक हळूहळू बोथट होतात. म्हणून खाणीतल्या कामगाराला जो रस्सा बेताचा वाटतो तो पाहुण्याला असह्य होतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. त्यामुळे पाण्याचे पेले रिचवणारा पाहुणा आग विझविण्याऐवजी तोंडभर पसरवतो. त्याने दही किंवा दूध मागवावे. निदान कोरड्या भाकरीचा घास चावावा.

एवढे कळल्यावर, रस्सा तिखट होता ही तक्रार उरत नाही. गवयाच्या बैठकीला जाऊन गाणे झाले म्हणून रागावण्यासारखे ते आहे. तरीही या तक्रारीला वजन आले आहे, कारण ती करणारा पैसेवाला आहे. बाहेरगावचा प्रवासी वर्षातून एकदा येतो, चार पदार्थ मागवतो आणि बिलाकडे फारसे न पाहता पैसे देतो. खाणीवरचा माणूस आठवड्याला येतो आणि अर्ध्या प्लेटीवर भागवतो. दोघांत कोणाची जीभ राखावयाची, हा प्रश्न आज अनेक मालकांपुढे आहे. कोणी कमी, मध्यम आणि जास्त तिखट असे विचारून वाढतात, आणि ते करताना गंजात मसाला कमी घालून वरून मिरचीपूड पेरतात. हा मार्ग व्यापाराला सोयीचा असेल, पण रश्श्याचा घात करणारा आहे. भाजलेल्या मसाल्याचा आणि तेलाचा जो मिलाफ तास दोन तास शिजून व्हावयाचा, तो पूड भुरभुरून होत नाही. शेवटी पाहुण्याला वाटते की आपण सावजी खाल्ले, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला कळते की आपले काहीतरी गेले.

इतर तक्रारी मात्र अशा उडवून लावण्याजोग्या नाहीत. प्लेटीत चार तुकडे आणि त्यांतील तीन हाडांचे, ही तक्रार थट्टेची वाटली तरी ती मापाची आहे. दर भिंतीवर लावलेला नसणे, पोळीचे आणि भाताचे पैसे निराळे लागतील हे आधी न सांगणे, कालचा रस्सा आज तापवून वाढणे, पेल्यांना खरकट्याचा वास येणे, या गोष्टींत आवडीनिवडीचा संबंध नाही. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा लहान खाणावळीलाही नोंदणीचे बंधन घालतो. झणझणीतपणाच्या कीर्तीखाली अस्वच्छता झाकण्याची युक्ती काही ठिकाणी चालते, आणि गर्दी आहे म्हणून जेवण चांगले असणार, असे मानणारे लोक ती चालू देतात.

दारूबंदीचाही येथे एक प्रसंगोपात्त उल्लेख हवा. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २०२१ साली उठली. लगतच्या दोन जिल्ह्यांत दोन नियम असल्याने नवख्या जेवणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि मग त्याचा राग बहुधा वाढप्यावर निघतो.

तथापि या साऱ्याहून गंभीर असा एक अनुभव खाणावळीत येतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तोपर्यंत सिरोंच्याच्या किंवा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी चंद्रपूर गाठावे लागे. सिरोंच्याहून ते अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. आजही मोठ्या दवाखान्यासाठी किंवा कामधंद्यासाठी तिकडची माणसे येतात. अंगावर साधे कपडे, तोंडी माडिया, गोंडी किंवा तेलुगू, आणि हातात पिशवी, असा माणूस दारात आला म्हणजे त्याच्याकडे पाण्याचा पेला किती वेळाने येतो, त्याला बाकावरची कोणती जागा दाखवितात आणि पैसे आधी मागतात काय, हे पाहण्यासारखे असते. पूर्वीच्या काळी पुष्कळ खाणावळी जातवार होत्या. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून उपाहारगृहाचे दार कोणालाही बंद करण्यास मनाई केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने तेथील भांडी अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणे हाही गुन्हा ठरविला. पुढच्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच गावी हजारोंना धम्मदीक्षा दिली. असे असता आज कोणी कोणाला बाहेर उभे करीत नाही हे खरे. पण उशिरा वाढणे आणि तुटक बोलणे यांवर कलम लावता येत नाही. सावजी भोजनालयांच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे, की त्यांचा लांब बाक या बाबतीत बरा. झगझगीत हॉटेलात जो माणूस दारातच बिचकतो तो येथे शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जेवू शकतो.

वाघ पाहून परतणारा प्रवासी हा रस्सा खाऊन पुष्कळदा म्हणतो, की ही जंगलची चव. वनातल्या माणसाने हे ऐकले तर त्याला हसू येईल. माडियांच्या स्वयंपाकात तेल थोडे, मसाला त्याहून थोडा. पहिल्या पावसानंतरची तरोट्याची कोवळी पाने, कुड्याची फुले, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते, श्रावणातल्या सात्या, ओढ्यातले मासे, ही तिकडची जिभेची दौलत आहे. चंद्रपूरच्या बाजारात यांतले काही जिन्नस टोपल्यांतून येतात, घरोघर जातात आणि संपतात. खाणावळीच्या फळ्यावर ते चढत नाहीत, कारण फळ्याला रोज तोच पदार्थ त्याच दराने हवा आणि रान देते ते दोन-चार आठवड्यांपुरते. मोहफुले वाळवून वर्षभर ठेवता येतात, परंतु त्यांचे नाव काढताच शहरी माणसाला एकच पेय आठवते! परिणामी भामरागडचा मनुष्य चंद्रपुरात जेवावयास बसतो तेव्हा त्याच्या ओळखीचे असे ताटात बहुधा काहीच नसते. एक भात सोडून.

भाताविषयी या खाणावळींत सहसा तक्रार ऐकू येत नाही. तिखटाने हैराण झालेला पाहुणाही शेवटी भातच मागवतो. पूर्व विदर्भात तो तांदूळ पुष्कळदा एचएमटी असतो. बारीक दाण्याचे, शिजल्यावर मऊ पडणारे हे वाण याच चंद्रपूर जिल्ह्यातले. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि असे वर्षानुवर्षे करून हे वाण स्थिर केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव बाजारात त्याला चिकटले. दादाजींचे शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नव्हते आणि जमीन थोडी होती. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला; परंतु वाण शेतोशेती पसरत गेले तसे धन त्यांच्याकडे आले नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले. भोजनालयाच्या बिलावर मटणाचे नाव असते, खुराचे असते, पाटोडीचेही असते; त्यांच्या तांदळाचे नाव तेथे लिहीत नाहीत. तेथे नुसते ‘भात’ असे लिहून पुढे पैसे मांडलेले असतात.