एका अनुस्वाराचे अंतर

कविता लिहिणाऱ्याला अनुस्वाराची धास्ती असते. ‘वश’वर एक टिंब पडले की त्याचा ‘वंश’ होतो. उर्दूत तर वरचा नुक्ता खाली आला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो. असाच एक नुक्ता मी एकदा चुकवला. कागदावर नव्हे, घरात.

माझ्या खालाला तोंडाचा कर्करोग झाला. जन्मभर मिश्री लावायची. घरात बी. ए. झालेला मीच, म्हणून डॉक्टरांपुढे मी बसलो. ते म्हणाले, ‘‘पेशींच्या जीन्समध्ये बिघाड झालाय.’’ घरी येऊन मी सांगितले, ‘‘दुखणं खानदानी आहे.’’ महिनाभरात खालाच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडली. निरोप आणणाऱ्याच्या तोंडी माझेच शब्द होते.

डॉक्टर तसे बोललेच नव्हते. ‘जनुकीय’ म्हणजे ‘आनुवंशिक’ असे मीच धरून चाललो. फरक कळायला पुढे बरेच वाचावे लागले.

आपल्या पेशीत मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एकेका प्रतीत सुमारे ३०० कोटी अक्षरे. हा मजकूर गुणसूत्रांत असतो आणि गुणसूत्रांची टोके गोधडीच्या दुमडलेल्या काठासारखी असतात. पेशी दुभंगली की काठ थोडा झिजतो. फार झिजला की पेशी दुभंगायची थांबते. काठ पुन्हा शिवणारे एक विकर आहे, टेलोमरेज. या संशोधनाला २००९चे नोबेल मिळाले. मोठ्या माणसाच्या बहुतेक पेशींत या विकराचे जनुक बंद असते.

जनुकाच्या आधी ‘प्रमोटर’ नावाचा लहानसा मजकूर असतो. जनुक कधी वाचायचे, याची ती सूचना. २०१३ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात त्या सूचनेतले एकच अक्षर बदललेले दिसले. जनुक शाबूत, सूचना बदललेली. मग बंद जनुक वाचले जाते, काठ शिवले जातात आणि पेशी थांबत नाही. वशात होती, तिचा वंश वाढत सुटतो.

पुढे हाच बदल मेंदूच्या, मूत्राशयाच्या, यकृताच्या कर्करोगांतही वारंवार सापडला. स्तनाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र तो क्वचितच दिसतो. मेलॅनोमा गोऱ्या लोकांत जास्त. आपल्याकडे तो विरळ. मग आपल्या माणसांचे काय? चेन्नईच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांच्या गाठी तपासल्या आणि २०१६ मध्ये सांगितले की तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा बदल बऱ्याचदा आढळतो. म्हणजे आपल्याकडे घरोघर ऐकू येणारी दुखणी. परक्या मुलखातल्या यादीवरून आपला हिशेब लागत नाही. आपल्या माणसांचे नमुने तपासावेच लागतात.

आता माझ्या चुकीकडे येतो. या गाठींतला असा बदल बहुतेक वेळा जन्मानंतर, त्या माणसाच्या त्या अवयवातल्या पेशीत घडतो. तो गाठीत असतो, रक्ताच्या नात्यात नाही. लेकीकडे तो जात नाही. वारशाने आलेला प्रमोटरचा बदल जर्मनीतल्या एका मेलॅनोमाग्रस्त कुटुंबात सापडला होता, पण तो त्याच सूचनेतला वेगळ्या जागेचा. आणि अशी घराणी फार थोडी. काही कर्करोगांत घराण्याचा इतिहास महत्त्वाचा असतो, हेही खरे. पण ते डॉक्टरांनी तपासून सांगायचे, माझ्यासारख्या बी. ए.ने नव्हे.

खालाच्या मुलीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. खाला ते पाहायला नव्हती. मी त्या मुलीची माफी मागितली, तेव्हा ती मिश्री लावत बसली होती. डबी आईचीच. सोयरीक मोडणाऱ्यांनी त्या डबीबद्दल काही विचारले नव्हते. मीही कधी बोललो नव्हतो. आमच्या घरात आईकडून लेकीकडे खरोखर आले होते ते तेवढेच. त्या दिवशी ती डबी मी मागून घेतली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)