पाच, दहा, सोळा



अध्यक्षाने भाषणात जगातल्या सगळ्या विषयांना हात घालावा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी आज तीनच टोचण्यांवर बोलणार आहे. पाच ते सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा दुसरा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी. दीड-दोन वर्षांपर्यंत आपण बाळाचा पिच्छा सोडत नाही. ते शाळेत गेले की आपणही सुटतो आणि तेही.

"लहानपणी सगळे डोस झालेत, आता परत कशाला?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. अलेक्झांडर ग्लेनी यांनी १९२१ मध्ये घटसर्पाच्या संदर्भात नोंदवले, की पहिल्या टोचणीला शरीर सावकाश आणि जेमतेम उत्तर देते, नंतरच्या टोचणीला मात्र झपाट्याने आणि भरघोस. आता त्याचे कारण कळले आहे. पहिल्या मात्रेनंतर स्मृतिपेशी मागे राहतात. लसिका ग्रंथींत त्यांची निवड होत होत अधिक घट्ट पकड असलेल्या पेशी टिकतात. बूस्टर त्यांना उठवतो आणि त्यांतून घडलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत बसून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे बनवत राहतात.

मग स्मृती असताना बूस्टर का? कारण ही शर्यत आहे. स्मृतीला कामाला लागायला चार-पाच दिवस तरी हवेत. 'ब' कावीळ अंगात भिनायला महिने घेते, त्यामुळे पूर्ण लस घेतलेल्या निरोगी मुलाला तिथे बूस्टर लागत नाही. घटसर्प मात्र संसर्गानंतर दोन ते पाच दिवसांत घसा धरतो, विष पसरवतो. तिथे रक्तात प्रतिपिंडे आधीपासून तयार हवीत, आणि ती वर्षागणिक उतरत जातात. आपल्या देशात घटसर्प आता पाच वर्षांपुढच्या मुलांत अधिक दिसतो, यात नवल कसले? धनुर्वात तर होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती देत नाही. त्याचे जीवघेणे विषही इतके थोडे असते, की शरीराला त्याची ओळखच पटत नाही.

टीडीत घटसर्पाचा अंश कमी असतो, तो काटकसर म्हणून नव्हे. दहा वर्षांच्या मुलाची स्मृती थोड्यानेच पेटते. जास्त दिले तर दंड सुजतो आणि पालक पुढच्या वेळी येत नाहीत.

गोवराची गोष्ट निराळी. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीला आणि आपल्या मालेगावात तो उसळला, तेव्हा दुसऱ्या मात्रेला सगळेच बूस्टर म्हणत होते. पण ती बूस्टर नव्हे. पहिली मात्रा दिली जाते त्या नवव्या महिन्यात आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असू शकतात, त्यामुळे शंभरातली पंधराएक मुले पहिल्या मात्रेला दादच देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी मात्रा हीच खरी पहिली. शिवाय गोवर झाला तर इतर रोगांची कमावलेली स्मृतीही पुसतो, असे २०१९ च्या संशोधनाने दाखवले.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे येऊ. गोडी छाटणी सुरू झाली, की पेठ-सुरगाण्याची कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत उतरतात आणि मुलांच्या टोचणीच्या तारखा हुकतात. "कोर्स मोडला, आता पहिल्यापासून" असे सांगून आईला परत पाठवणारे आपल्या डॉक्टर-आरोग्यसेविकांतही आहेत. हे चूक आहे. स्मृतिपेशी तारीख पाहत नाहीत. जिथे थांबलो, तिथून पुढे टोचावे.

तेव्हा माझी मागणी अशी: आश्रमशाळांत पाचवी आणि दहावीच्या मुलांची टीडी जुलैतच उरकावी, छाटणीच्या आधी. पहिलीच्या प्रवेशावेळी लसीचे कार्ड पाहावे. नोंद नसेल तर मुलाला हाकलू नये, टोचावे. सायंकाळच्या सत्रात हा ठराव मांडतो. आश्रमशाळांचे आदिवासी विकास आयुक्तालय याच नाशिक शहरात आहे, त्यामुळे टपालखर्चाची सबबही आपल्याला उरलेली नाही.